शिंगाड्यांचा तलाव

निवृत्त झाल्यावर भूगोल शिकवायला माझ्या हाती फक्त नवरा उरला. त्याची सुटका केली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती आता शहर नियोजनाच्या कामात आहे; तिने मला एक काम दिलं. उपग्रहाच्या फोटोवर ठिपके असायचे. प्रत्येक ठिपक्याखाली शेत आहे, पाणी आहे की घरं, हे मी, ती आणि माझीच आणखी एक विद्यार्थिनी, अशा तिघींनी आपापल्या घरून एकाच ऑनलाइन नकाशावर नोंदवायचं. तलाव असेल तिथे बांधकाम नाही. शेताचं मात्र पुढे काहीही होऊ शकतं.

माधव नगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी भराभर ठिपके उरकायचे. तिघींचं उत्तर नेहमी एकच यायचं. ‘शिकवलंय कुणी!’ असं मी नवऱ्याला ऐकवायचे. शहराबाहेरच्या एका गावाजवळच्या हिरव्यागार चौकोनावर मी ‘शेत’ लावलं, तर दोघींनीही शेतच लावलं.

एकादशीच्या आदल्या दिवशी फ्रीगंजच्या बाजारात शिंगाडे घेताना विकणाऱ्या बाईला सहज विचारलं, कुठले? तिने नेमकं त्याच गावाचं नाव घेतलं.

“पूरा तालाब सिंघाड़े की बेल से ढका है, मैडम. ऊपर से पानी दिखता ही नहीं. हमारा तो घर उसी पे चलता है.”

म्हणजे मी तलावालाच शेत ठरवलं होतं. तिथूनच नियोजनवाल्या विद्यार्थिनीला फोन लावला.

“मॅडम, मी तर पाणीच लावलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या मामाचं गाव आहे ना ते. मग तुमचं दिसलं, तर चेंज करून टाकलं. त्या दुसरीनेही तसंच केलं. तुम्ही कुठे चुकता?”

मी आधी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर. वर्गात ‘मला उलट उत्तर नको’ म्हणून ओरडायचे ती मीच. नशीब, नकाशा अजून पुढे गेला नव्हता. त्याच दुपारी आम्ही तो ठिपका निळा केला. आणि त्या त्या दिवसाचं काम पुरं होईपर्यंत कुणाचं उत्तर कुणाला दिसू नये, असं मी तिला करायला लावलं.

काल तिचा मेसेज आला, ‘मॅडम, आज तुमचे चार ठिपके चूक आहेत.’

मी चष्मा लावून चारही तपासले. खरंच चूक होते. मग नवऱ्यासाठी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करायला घेतला, आणि पीठ भाजता भाजता तो मेसेज त्याला दोनदा वाचून दाखवला.