सत्काराच्या दिवशी माईक माझ्या हातात होता

कापसातून सरकी काढणाऱ्या ज्या जिनिंगमध्ये मी काम करते, तिथं गेल्या जानेवारीत आग भडकता भडकता राहिली. पिपरी मेघेहून मी रोज स्कूटीनं जाते. हजेरी, पत्रव्यवहार आणि आग विझवायच्या सामानाची नोंदवही, एवढं माझ्याकडे.

त्या दुपारी फोरमन जेवायला बसले होते. कापसातून एक खडा मशीनमध्ये गेला, ठिणगी उडाली आणि खालची रुई धुमसू लागली. ते पहिल्यांदा दिसलं कापूस लोटणाऱ्या एका मावशींना. त्या अल्लीपूरच्या, ठेकेदाराच्या माणसांतल्या. त्या भिंतीवरच्या लाल बादल्यांकडे धावल्या. एकीतही रेती नव्हती. मग त्यांनी मेन स्विच पाडला आणि जळती रुई हातांनी ओढून बाहेर फेकली. मी पोचले तेव्हा त्या दोन्ही तळवे वर धरून जमिनीवर बसल्या होत्या.

बादल्या भरलेल्या आहेत, अशी सही मी चारच दिवसांपूर्वी केली होती. न बघता.

संध्याकाळी शेठजी आले. "कोणी विझवली?"

"फोरमनच्या पाळीत झालं. सगळ्यांनी मिळून आटोक्यात आणलं," मी म्हणाले. मावशींचं नाव घेतलं असतं तर त्यांना बोलावणं गेलं असतं, आणि बादल्यांची गोष्ट निघाली असती.

"मग सव्वीस जानेवारीला फोरमनचा सत्कार करू. माणसांना हुरूप येतो."

दुसऱ्या दिवशी फोरमन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, मी तर डबा खाऊन राह्यलो होतो."

"शेठजींनी ठरवलंय," मी मान वर न करता म्हणाले.

झेंडावंदनाला मावशी आल्या होत्या. शेवटच्या रांगेत, दोन्ही हातांना पट्ट्या. निवेदन माझ्याकडे होतं. मी फोरमनचं नाव वाचलं, टाळ्या झाल्या. ते पुढं आले, पण शालीसाठी वाकले नाहीत.

"शेठजी, ही शाल माही नाई. मी जाग्यावर नव्हतो. त्या बाईनं विझवली."

सगळ्या माना मागं वळल्या. शेठजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींना पुढं बोलावलं. त्या डोक्यावरचा पदर सावरत आल्या. शाल घातली गेली. नारळ त्यांना धरता येईना, तो फोरमननी धरला.

"बोला बाई काही," शेठजी म्हणाले.

मी माईक त्यांच्या तोंडाशी नेला.

"मले भाषण येत नाई," त्या म्हणाल्या. "एकच सांगतो. धावत गेलेल्या माणसाले बादली भरलेली भेटली पाह्यजे. तवा रिकाम्या होत्या."

शेठजींनी विचारण्याआधीच मी माईक स्वतःकडे वळवला. "नोंदवहीत सही माझी आहे. मी बघितलं नव्हतं. आणि मावशींचं नाव मीच लपवलं."

"ऑफिसमध्ये बोलू," एवढंच शेठजी म्हणाले.

मला लेखी समज मिळाली. नोंदवही फोरमनकडे गेली. मावशींना ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या हजेरीपटावर घेतलं. ते शेठजींनी आपणहून केलं, मी सुचवलं नव्हतं.

पट्ट्या निघाल्यावर त्या कामावर आल्या. मी शेडमध्ये गेले. "मावशी, मी त्याच दिवशी तुमचं नाव सांगायला पाहिजे होतं."

"सांगाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मी वाट पाहून राह्यलो होतो, मॅडम. पंधरा दिवस."

मी कापूस वाहून नेणाऱ्या पट्ट्याला लागून उभी होते.

"जरा बाजूले व्हा," त्या म्हणाल्या. "पट्टा सुरू होते आता."