गजर पुरा होईपर्यंत

"बाईच्या मांडीवर पखवाज शोभत नाही," असं भजनातल्या एका बुवांनी सोनूबाई राऊळांना तरुणपणी सुनावलं होतं. त्या म्हणाल्या, "मूल शोभता, मग पखवाजानंच काय घोडा मारल्यान?" पखवाज तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे.

सोनूबाईंचे वडील कुडाळकडचे पखवाजी. ते मुलाला शिकवायचे आणि ही पोर भिंतीआड उलट्या सुपावर बोटं आपटत शिकायची. पुढे लग्न होऊन मुंबई, नवऱ्याची गिरणी बंद, मग मुलुंड. मसाले कुटून विकले, पोरी उजवल्या, आणि साठी उलटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ उभं केलं. मी त्यात टाळ धरते. माझा टाळ मागे पडला की त्या मान न वळवता म्हणतात, "अनुपमा, डाळ शिजली काय गो?"

माझा मुलगा केतन व्हिडिओ एडिटिंग करतो. यंदा त्याने भक्त प्रल्हादाचा एक जुना मूकपट मिळवला. नरसिंह जयंतीला संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा ठरला. मुका सिनेमा, तेव्हा संगीत समोर बसून वाजवायचं. परदेशात म्हणे असे मोठमोठे कार्यक्रम होतात, अख्खा वाद्यवृंद पडद्यापुढे. केतनच म्हणाला, "आई, तुमचं मंडळ हाच आपला ऑर्केस्ट्रा. झकास होईल!" मी देवापुढे साखर ठेवली. देवाच्या नावाचा सिनेमा, आणि नाव आमच्या तोंडून!

तालमीतच वाट लागली.

प्रल्हादाला कड्यावरून ढकलतात, खालून देवाचे दोन हात त्याला झेलायला येतात. तिथे आम्ही गजर सुरू केला. आता कोकणातला गजर म्हणजे घाट चढणं. संथ सुरू होतो, लय वाढत वाढत माथ्यावर पोचते, आणि माथा गाठल्याशिवाय कोणी उतरत नाही. आम्ही डोळे मिटून चढत होतो. डोळे उघडले तर पडदा पांढरा! हत्ती येऊन गेला, आग लागून विझली, खांब फुटला, नरसिंहाने राजाला मांडीवर घेऊन फाडलासुद्धा. आम्ही आपल्या कड्यावरच.

केतनने कपाळाला हात लावला. "सोनू आजी, चित्र बदललं की थांबायचं असतं. पिक्चर पुढे, म्युझिक मागे."

"नाव अर्ध्यात तोडू?"

"हो, ना!"

"हिरण्यकश्यपूचा वेगळा काय म्हणणा होता रे?"

आम्ही सगळ्याजणी हसलो. केतन नाही हसला. दोन तालमी आणखी झाल्या, दोन्ही वेळा तेच. मग त्याने आणि सेक्रेटरी नंदकुमारांनी ठरवून टाकलं. चेंबूरहून कृणाल नावाचा कीबोर्डवाला येईल, आणि मंडळाने पुढच्या रांगेत बसून बघायचं. "मानाच्या खुर्च्या," नंदकुमार म्हणाले.

घरी मी केतनला धरलं. "तूच बोलावलंस ना त्यांना?"

"अगं, शिकायलाच तयार नाहीत त्या."

"तू तरी काय शिकलास त्यांच्याकडून?"

तो चहा तसाच टाकून उठला. मी रात्री वहीत लिहिलं: देवा, लेकरू माझंच आहे, पण माझी बाजू त्याची नाही.

सोनूबाईंना निरोप द्यायला मीच गेले. त्या मिरच्यांची देठं खुडत होत्या. "मानाची खुर्ची?" त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांका गप्प बसवूची नवी तऱ्हा दिसता." एवढंच. पुन्हा मिरच्या.

नरसिंह जयंती आली. दिवसभराच्या उपासाने माझं डोकं हलकं झालं होतं. साकीनाक्याहून भाड्याने आणलेला पडदा, हॉल गच्च भरलेला. पहिल्या रांगेत आम्ही, आणि सोनूबाईंच्या पायाशी पखवाज, खोळीत. नंदकुमारांनी विचारलं, "हे कशाला आणलंत?"

"घराक एकटो कसो ठेवू?"

सिनेमा सुरू झाला. कृणालने वाजवलं चांगलंच, खोटं कशाला बोलू! राजा आला की नगारे, राणी रडली की सारंगी, सगळं त्या एका पेटीतून. पण प्रल्हादाला कड्याकडे न्यायला लागले, तशा सोनूबाई वाकल्या. कमरेच्या पिशवीतून डबी काढली. डबीत भिजवलेली कणीक. पखवाजाच्या डाव्या कातडी पुडीला कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही, आणि मानाच्या खुर्चीत नुसतं बसायला आलेलं माणूस घरून कणीक भिजवून आणत नाही. मी पिशवीतून टाळ काढले. बाकीच्यांनीही काढले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

शिपायांनी ढकललं. प्रल्हादाने हात जोडले. आणि थाप पडली.

कृणालचा हात पेटीवर थबकला. आम्ही नाव घेतलं. मागून केतन धावत आला. "आजी, प्लीज! पुढचा सीन येतोय!"

"मग थांबव तो पिक्चर, मेल्या!" पखवाज न थांबवता त्या म्हणाल्या.

"पिक्चर थांबवतात का मध्येच?"

"नाव थांबवतत?"

तो माझ्याकडे वळला. मी टाळ खाली ठेवला नाही. "केतन, थांबव," मी म्हटलं. "नाहीतर माझ्या अंगावरून पुढे ने."

तो लॅपटॉपकडे गेला, बटण दाबलं.

प्रल्हाद आकाशात तसाच राहिला, हात जोडलेला, खाली देवाचे हात पसरलेले. आणि आम्ही चढलो. मागच्या रांगा टाळ्यांनी ताल धरू लागल्या. कृणालने हळूच आमचा सूर शोधून धरून ठेवला. नंदकुमार घड्याळ दाखवत होते, त्यांच्याच बायकोने त्यांचा हात खाली ओढला. माथा गाठला, शेवटची थाप पडली.

सोनूबाईंनी पदराने मान पुसली आणि मागे पाहिलं. "सोड आता त्या पोराक खाली."

केतनने सोडला. देवाने झेलला.

पुढे हत्ती आला, आग आली, राजाने खांबाकडे बोट दाखवलं. तिथे चित्र आपोआप थांबलं. बिघडलं की काय म्हणून मी मागे वळले. केतनचं बोट बटणावर होतं आणि नजर सोनूबाईंच्या हाताकडे.

त्यांनी डबीतली उरलेली कणीक पुडीला लावली, आणि हात वर उचलला.