कॅनॉलच्या काठाने थोरल्या तळ्यापर्यंत

आम्ही निघालो तेव्हा माझे दीर ओसरीवर दात घासत होते. तोंडातला फेस सावरत म्हणाले, "वैनी, कावून (कशाला) चालत जाता? गाडीवर सोडतो की. तळं काय पळून चाललंय का?"

"तळं नाही भाऊजी, मीच पळून चाललेय," मी म्हणाले. माझी धाकटी जाऊ शालन तोंडाला पदर लावून हसली.

नांदूरघाट हे माझं सासर. लग्नानंतर आम्ही नाशिकला राहायला गेलो, त्यामुळे इथे येणं सणावाराला नाहीतर लग्नकार्याला. आले की स्वयंपाकघर, देवघर आणि फार तर शेजारचं अंगण. गावाबाहेर कॅनॉल आहे, त्याच्या पुढे माळावर दोन तळी आहेत, हे मी फक्त पुरुषांच्या गप्पांतून ऐकलेलं. केस पांढरे झाले तरी पाहिलं काही नव्हतं. शालनची गोष्ट आणखी नवलाची. ती बारा महिने इथेच असते. पण त्यांचं शेत कॅनॉलपाशी संपतं, म्हणून तीही तिथूनच माघारी फिरते. "कामाबिगर कोण जातंय तिकडं?" ती म्हणाली. या खेपेला मी ठरवूनच आले होते. जायचं, पायी जायचं आणि काहीही काम नसताना जायचं.

हिवाळ्याचे दिवस होते. गावातली बरीच घरं कुलपात होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. त्यांच्या दारांपुढून जाताना आमच्याच चपलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. गाव संपलं आणि दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी लागली. कणसं दुधात होती. एका बांधावर आजोबा आगटीत हुरडा भाजत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी ओळखपाळख न विचारताच हातावर गरम हुरडा ठेवला, वर शेंगदाण्याची चटणी.

"कुण्या गावाला निघालाव?"

"तळं बघायला."

"नुस्तं बघायला?" आजोबांनी आणखी एक कणीस आगटीत सारलं. मग म्हणाले, "बघा बघा. लई ग्वाड पानी हाय."

कॅनॉलला पाणी सुटलं होतं. बांधावरची पायवाट मऊ, पाण्यावरून येणारा वारा गार. एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला वाहतं हिरवट पाणी. माझा उजवा गुडघा सुरुवातीला कुरकुरला, मग गप्प झाला. शालन घरात कधी मोठ्यानं बोलत नाही. इथे तिने माहेरच्या विहिरीच्या, मैत्रिणींच्या, पडलेल्या झाडांच्या गोष्टी सुरू केल्या. इतक्या वर्षांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढे एका वळणावर मेंढरांचा कळप पाणी प्यायला उतरला होता. कॅनॉलच्या भिंती सिमेंटच्या, उतरत्या आणि शेवाळलेल्या. आमच्या डोळ्यांदेखत एक मेंढी घसरली आणि थेट प्रवाहात गेली. वर यायला धडपडत होती, पण खूर शेवाळावर टिकत नव्हते. पाणी तिला पुढे ओढू लागलं. तिची धनगरीण काठी टाकून काठाने धावत ओरडली, "अवो बाई, धरा वो कुनीतरी! गाभण हाय ती!"

पुढे बघितलं तर कॅनॉल रस्त्याखालच्या मोरीत शिरत होता. मेंढी तिथे पोहोचली असती तर संपलंच. पण मोरीच्या अलीकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. मी धावले. शेवटचं कधी धावले होते ते आठवत नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चपला कुठे पडल्या कळलं नाही. मागून शालन ओरडत होती, "ताई, पडाल!" आणि ओरडत तीही धावत होती.

मी पायऱ्यांवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं. शालन वरच्या पायरीवर बसली, कठड्याच्या लोखंडाला पाय रोवले आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. मेंढी आली. मी झडप घातली. हातात नुसती लोकर आली आणि निसटली. माझाही पाय सुटला. पण शालनने मनगट सोडलं नाही. दुसऱ्यांदा मी आख्खी मेंढीच्या अंगावर कोसळले आणि तिच्या मानेला मिठी मारली. भिजलेल्या मेंढीचं वजन काय असतं, ते सांगून कळायचं नाही. धनगरीण पायऱ्या उतरून आली, तिने मागून रेटा दिला. रस्त्यावरून चाललेल्या दूधवाल्याने मोटरसायकल उभी केली आणि पुढचे पाय धरले. "हां, ओढा! अजून! ओढा बे!" कुणाला बे म्हणतोय याचं भान त्याला नव्हतं, आम्हालाही नव्हतं. चौघांनी एकदम ओढलं आणि मेंढी वर आली.

ती थोडा वेळ पाय फाकून उभी राहिली. मग तिने असं अंग झाडलं की आम्ही उरलेसुरलेही भिजलो. आणि जणू काही झालंच नाही, अशी जाऊन गवत खाऊ लागली. आधी शालन हसली, मग आम्ही सगळे. हसता हसता धनगरणीच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती.

तिचं नाव काशीबाई. "आमचं पाल (कापडी तंबू) तळ्यापाशीच हाय," ती म्हणाली. "चला, शेकाया बसा. अशा वल्या नगा जाऊ."

अशा रीतीने थोरल्या तळ्याकडे आम्ही मेंढरांच्या मागून गेलो. माळाचा चढ संपला आणि पाणी एकदम समोर आलं. एवढं निळं, एवढं पसरलेलं. ना बांध, ना भिंत. माळच खोल होत होत पाण्यात उतरला होता. पलीकडच्या काठाला तांबूस चक्रवाक बदकं बसली होती.

"हे कुणी खोदलं?" मी विचारलं.

"कुनीच न्हाई," काशीबाई म्हणाली. "उपजत हाय. माळाचंच हाय."

पालापुढे शेकोटीशी बसून आम्ही मेंढीच्या दुधाचा दाट चहा प्यालो आणि शालनने बांधून आणलेले धपाटे तिघींनी वाटून खाल्ले. साड्या अंगावरच वाळल्या. मग आम्ही दोघी जावा तळ्याला पूर्ण वळसा घालून आलो. मागच्या खोलगटात धाकटं तळं होतं, पाणकणसांनी भरलेलं. तिथे शालन पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी राहिली. तिने इकडे तिकडे पाहिलं, तोंडाशी हात नेले आणि जोरात हाळी दिली, "ओ ऽ ऽ ऽ!" टिटव्या ओरडत उडाल्या. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उजळून गेलं होतं.

परतताना सूर्य ज्वारीत उतरत होता. आमच्या आधी दूधवाला गावात पोहोचला होता. पारावरची माणसं उठून उभी राहिली. भाऊजी वाटेतच भेटले, दोघींकडे खालीवर बघत म्हणाले, "शालन, तू धरून ठेवलंस म्हणं?" ती मान खाली न घालता म्हणाली, "हो. मीच."

या गावात मी कायम कुणाची तरी सून, कुणाची तरी वैनी म्हणून आले आणि गेले. त्याचं मला कधी दुःख नव्हतं. पण गाव आपलं व्हायला ते पायांनी तुडवावं लागतं, त्याच्या पाण्यात उतरावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. उशिरा का होईना, कळलं.

दुसऱ्या दिवशी बीडला जाणाऱ्या एसटीत चढले. गाडी गच्च भरलेली. खिडकीपाशी बसलेली एक अनोळखी बाई माझ्याकडे निरखून बघत होती. ती सरकली, जागा केली आणि म्हणाली, "बसा. मेंढी काढलेल्या त्या तुमीच ना?"

"मी आणि माझी जाऊ," मी म्हणाले आणि ऐसपैस बसले.