बुरुजातल्या बाईला मी खरं सांगितलं

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्या हातात आमचं पत्रक ठेवलं असतं. अंगात येणं, करणी, उतारा... सगळ्याविरुद्ध मी बारामतीच्या एसटी स्टँडवर उभी राहून पत्रकं वाटली आहेत. अजूनही वाटते. तेव्हा हे वाचून कुणी नारळ घेऊन आमच्या गावाला जाऊ नये. म्हणूनच गावाचं नाव देत नाही. इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्यावरून आत वळलं की उसातून रस्ता जातो. त्याच्या टोकाला पांढऱ्या मातीची गढी आहे. तीन बुरूज कधीच बसले. ओढ्याकडचा एक उभा आहे.

तो उभा आहे कारण त्याच्या पायात आमच्या घरातली एक सून जिवंत गाडली, असं सांगतात. बुरूज टिकेना म्हणून सरदारानं बाई मागितली. बदल्यात तिच्या मुलाला घोडं देऊन शिलेदार करणार होता. घोडं काही आलं नाही. गाव अजून आम्हाला विचारतं, "काय मग, घोडं निघालं का?" लोकांना याचं हसू येतं. मला कधी आलं नाही.

दर अमावास्येला भर दुपारी आमच्या घरच्या सुनेनं बुरुजाशी तांब्याभर पाणी ठेवायचं आणि म्हणायचं, "बाई, पाणी आणलंय. घरी सगळी बरी हायत. घर भरल्यालं हाय." मग मागं न बघता परत यायचं. घरात कुणी मेलं तरी हेच म्हणायचं. तिनं घरासाठी जीव दिला, तिला वाईट बातमी द्यायची नाही.

आता उरलेली सून म्हणजे माझी काकी. काका गेले, माझे आई-वडील त्याच्या आधीच गेले, काकीचा मुलगा परदेशात. तेवढ्या घरात ती एकटी. बारामतीला माझ्याकडं राहायला ये, म्हणून मी किती मागं लागले.

"मी आले तर तिला पाणी कोण दील?"

"काकी, तिथं कुणी नाही. नुसती माती आहे."

"मग मातीला तरी कोण हाय?"

मी एकटीच बारामतीला परतले.

गेल्या वर्षी तरुण कार्यकर्त्यांच्या एका दौऱ्यातून मी जपानला गेले. तिथं एक जुना किल्ला दाखवला. दगडी जोत्यावर पांढरा मनोरा, काळी कौलं, खंदकात मासे. सगळे फोटोत गुंग. दुभाषी मुलीनं मला कडेचा एक लहान दगड दाखवला. जोतं सारखं ढासळायचं म्हणून एका गरीब विधवेला त्यात पुरलं, अशी तिथली आख्यायिका. तुझ्या मुलाला सामुराई करू, असं वचन दिलं होतं. पाळलं नाही. सामुराई काय नि शिलेदार काय... मालक लोक सगळीकडं सारखेच. पण तिथं पाटीवर सरळ लिहिलं होतं, की वचन मोडलं. दगडापुढं ताजी फुलं होती. ग्रुप पुढं निघून गेला तरी मी तिथंच होते. हिला निदान कुणीतरी खरं सांगितलं. आम्ही आमचीला दर महिन्याला थापा मारतो.

परत येऊन गावी गेले, तर अमावास्येलाच काकीचा गुडघा धरला.

"लेकींनी जायचं नसतं, पण तूच जा आता. म्हणायचं तेवढंच म्हण. भाषण देऊ नगं."

मी भाषण दिलं. बुरुजाला हात लावून म्हणाले, "बाई, घोडं आलं नाही. येणारही नाही. त्यांनी तुला फसवलं आणि आम्हीही फसवत आलो. घर भरलेलं नाही. काकी एकटी आहे आणि तुझ्यापायी अडकली आहे. सोड तिला." तांब्या ठेवला. मुद्दाम मागं वळून बघितलं. ओढ्यात म्हशी बसल्या होत्या, बाकी काही नव्हतं.

घरी आले. काकी चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला कशाला उनात उभी केलीस? आत घे की."

"कुणाला?"

"तुज्या मागं हाय ती."

मागं कुणीच नव्हतं. ओट्यावर तांब्या होता. तोच, काठाला पोचा आलेला. रिकामा. आणि उंबऱ्यावर पांढरी माती सांडलेली. आमचं सगळं शिवार काळं आहे, पांढरी फक्त गढीची. माझ्या पायाची म्हणाल, तर चपला मी ओट्याखाली काढल्या होत्या. कुणी तांब्या उचलून आणला का, हे गावात विचारत फिरले. किराणावाले तात्या म्हणाले, "त्या तांब्याला हात लावायची छाती हाय का कुणाची? तुज्याबिगर."

काकीनं दोन ताटं वाढलेली होती. एक माझं, असं मी धरून चालले. मग तिनं माझं तिसरं घेतलं.

बुरुजातली बाई हलली की बुरूज पडणार, असं गाव म्हणत आलंय. सगळा पावसाळा गेला, बुरूज तसाच आहे. ती घरी आली हे मी मानत नाही. पण घटकाभर मानलं, तर ती नसतानाही तो उभा राहतोच की. मग तिला तिथं घातली कशाला? याचा जाब कुणाला विचारायचा?

मागच्या आठवड्यात संध्याकाळी बारामतीच्या माझ्या खोलीवरून फोन केला. "काकी, आता पाणी ठेवायला जात नाहीस ना? मग ये की इकडं."

"आता कशी येऊ? हितं दोघी हाय आमी," म्हणाली आणि हसली. काका गेल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. ते थांबलं, आणि त्याच्यानंतर जरा वेळानं आणखी एक हसू थांबलं. घरात टीव्ही नाही. काकीची शेजारीण म्हणते, त्या संध्याकाळी ती तिकडं गेलीच नव्हती. नेटवर्कचा घोळ असेल, असं मी मैत्रिणींना सांगते. मला स्वतःला ते पटत नाही, आणि दुसरं काही सापडलेलंही नाही.

"तू तितं एकटीच जेवतीस व्हय गं?" काकीनं विचारलं.

समोर डब्याचं झाकण उघडं होतं. भात गार झाला होता.

"नाही गं," मी म्हणाले. "इथं सगळी बरी आहेत. खोली भरलेली असते."