डाळीतली काच

दुष्काळाच्या वर्षी शेतात काम उरलं नाही, तेव्हा मी कारंज्याच्या एका दाल मिलमध्ये तूरडाळ निवडायला जाऊ लागले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही बाया ओळीनं बसून सुपातल्या डाळीतले खडे, ढेकळं, सुतळीचे धागे वेचायचो. संध्याकाळी घरी न्यायला थोडी तुटक्या डाळीची चुरी मिळायची.

माझ्या शेजारी बसणारी बाई एकदा बरेच दिवस आली नाही. मग कळलं, त्याच चुरीच्या वरणातून बांगडीचा तुकडा तिच्या लहान मुलीच्या घशात गेला होता. तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं होतं. काच हिरवी होती. आम्हा सगळ्यांच्या हातांत हिरव्याच बांगड्या होत्या. कोणाची फुटली, हे कोणीच विचारलं नाही.

मुकादम म्हणाला, "उद्यापासून बांगड्या काढूनच आत या."

"नवरा जित्ता असताना हात मोकये कायले करू?" एक म्हातारी उसळली. बाकीच्याही उठल्या. मुकादमानं विषय सोडला. काम तसंच चालू राहिलं.

आठवड्यानं ती बाई आली. तिचे हात मोकळे होते. सगळ्यांच्या नजरा त्या हातांवर गेल्या. शेवटी म्हातारीनंच भीत भीत विचारलं, "काहून व बाई, मालक...?"

"मालक घरी हाय," ती म्हणाली. "पोरगीबी वाचली. पर डाक्टर म्हणे, आवाज पयल्यासारखा नाई येणार. मीच काढल्या."

ती खाली बसली आणि तिनं सूप ओढलं.

दुपारी मी हौदावर गेले, साबण लावला आणि बांगड्या उतरवल्या. एक निघता निघता फुटली, मनगटावर रक्त आलं. घरी सासूनं हात पाहिले आणि "माह्या पोराले काय झालं?" म्हणत ती दाराकडं धावली. मी सगळं सांगितलं. सकाळी तिनं पेटीतून स्वतःच्या पितळी पाटल्या काढून माझ्या हातात चढवल्या.

"ह्या फुटत नाईत," एवढंच म्हणाली.

हळूहळू बहुतेक बायांनी काच सोडली. म्हातारीनं मात्र सोडली नाही. तिनं बांगड्यांवर फडकं घट्ट गुंडाळलं, आणि तशीच ती माझ्यासमोर डाळ निवडत राहिली.