खीरदानाच्या दिवशीचा गॅस

ही गोष्ट कालपर्यंत माझ्या तोंडून कधीच निघाली नव्हती — ना घरी, ना माहेरी. तुम्हाले सांगून राह्यली, कारण आता गप्प बसणं मले जमत नाही.

माझी पोरगी पायल. दप्तर शाळेत, चप्पल विहारात, एक काम अर्धं सोडून दुसऱ्यालेच लागलेली. पोरगा असा असला तं लोक म्हणतात खोडकर आहे. पोरगी असली तं लापरवाह, सासरी कसं होईन हिचं? बालाघाटात आमच्या वार्डात सगळेच म्हणत. मी नव्हती का म्हणत? मी तं सगळ्यांच्या आधी.

मागच्या साली गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, हा आळस नाही, एडीएचडी आहे — लक्ष एका जागी टिकतच नाही. मंग विचारलं — घरात आणखी कोणी असं आहे का? मी म्हणलं, नाही.

खोटं. मीच आहो तशी. लहानपणी मार खाऊन खाऊन लपवणं शिकली, एवढंच.

अन् हे खोटं तं लहान. मोठं आधीचं आहे — सांगते, थांबा.

वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथवाचन असते, रोज एका घरचं खीरदान. त्या दिवशी आमचा नंबर होता. मी पुऱ्यांसाठी कढईत तेल ठेवलं, साखर आणाले दुकानात गेली, तिथं गोष्टीत लागली — अन् गॅस डोक्यातूनच गेला. परत आली तं भडका. विझवता विझवता सासूबाईचा हात पोळला. पायल घरातच होती. "पायलनंच गॅस लावून सोडला असन," त्या म्हणल्या. मले कोणी विचारलंच नाही. मी बोललीच नाही.

अन् पायल? तिले आपल्या विसरण्याची इतकी सवय, का तिलेही खरं वाटलं. जवळ येऊन रडली — "आई, मले आठवत नाही, पण मीच लावला असन. माफ कर." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हौ, मी तिले माफ केलं.

आता तिले नर्सिंगले नागपूरले जायचं आहे. तिचे पप्पा म्हणतात, घर जाळणारीले एकटी कशी सोडू?

काल जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. गॅस मी लावला होता. पोरगी नागपूरले जाईन, अन् डॉक्टरकडे आता मीही जाईन. माफी मागितली नाही, तेवढं तोंडच नव्हतं. सासूबाई ताटावरून उठल्या. पायल हळूच म्हणली, "म्हणजे... मी नव्हती?"

"नाही," मी म्हणलं. "तू नव्हती."