शिट्टीची दोरी

चहा उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐका. मी सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

दिंद्रुडच्या अलीकडं आमच्या सहकारी कारखान्याची उसाची, वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे होती. रूळ इतके जवळ की एक पाय इकडं, एक तिकडं टाकून उभं राहावं. मी तिचा ड्रायव्हर. दुष्काळात ऊस संपला, तेव्हा डब्यांवर टाक्या ठेवून आम्ही वस्त्यांना पाणी पोचवलं. तीन लांब शिट्ट्या ऐकल्या की बायांनी ओळखायचं, पाणी आलं. पुढं कारखाना बंद पडला आणि इंजिन गंजत राहिलं.

आता गावच्या सोसायटीनं ठरवलं, पाहुण्यांना फिरवायला गाडी पुन्हा काढायची. वर्षभर मी इंजिन पुसलं, लेकराचं अंग पुसावं तसं. चेअरमननी मला बजावलं, "आबा, चाचणीला गाडी पास करणारे साहेब येणार हायत. गाडी मधीच थांबली तर इंजिन भंगारात जाईल."

भर उन्हाळा. मागच्या डब्यांत साहेब आणि पाहुणे. गाडी सुटली आणि मला इतका आनंद झाला, की वस्तीचं वळण आलं तसा हात आपोआप दोरीवर गेला. तीन लांब शिट्ट्या!

मग काय विचारता? आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. बाया हंडे-कळश्या घेऊन थेट रुळावर. गाडी थांबवावीच लागली. साहेबांना वाटलं, कलश घेऊन स्वागताला आल्यात. ते हात जोडून खाली उतरले. तोवर सगळ्यांत पुढच्या बाईनं इंजिनाच्या टाकीचा नळ सोडला होता. ही बाई कोण? आमचीच घरवाली, कौसा!

"अगं, ते इंजिनाचं पाणी हाय."

"मग शिट्टी कावून मारली?"

नळ बंद कर म्हणायला जीभ रेटेना. टाकी कोरडी झाली, गाडी जागच्या जागी. मी टोपी काढून साहेबांना सगळं खरं सांगितलं. भंगाराचंही सांगितलं.

ते ऐकून कौसानं आपला अर्धा हंडा टाकीत परत ओतला. मागोमाग सगळ्या बायांनी. अर्धं घरी, अर्धं इंजिनाला. साहेबही बाह्या सरसावून रांगेत उभे राहिले, हंडे वर देऊ लागले. गाडी हलली तेव्हा चेअरमनचे डोळे ओले झाले होते.

साहेबांनी गाडी पास केली. अटी दोनच. मागं पाण्याची टाकी जोडून रोज वस्तीवर थांबायचं, आणि शिट्टीची दोरी ड्रायव्हरच्या हाती द्यायची नाही.

दोरी कौसाकडं आली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "गुमान बसा. मी सांगंन तवा हलवा."

चाळीस वर्षं घरात हेच चाललंय. आता लोक तिकीट काढून बघतात, एवढंच.